प्राण्यांचे टॅरो आणि ओरॅकल पत्ते: तुमच्याकडे कोणते आहेत?

ओसरी

गेल्या महिन्यात भाची न्यू जर्सीहून आली, तेव्हा चॉकलेटं आणि मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यांखालून तिने एक कोपरे झिजलेलं खोकं काढलं. "मावशी, तू पत्ते बघतेस ना, म्हणून." कुणीतरी घर रिकामं करताना विकायला काढलेलं, दोन डॉलरला घेतलेलं. आत 'मेडिसिन कार्ड्स', म्हणजे एकेक ओढून अर्थ लावायचे चित्रांचे पत्ते. जेमी सॅम्स आणि डेव्हिड कार्सन यांचा १९८८ चा संच. ४४ पत्ते, प्रत्येकावर एक ढाल, पिसं लावलेली, आणि ढालीच्या मधोमध एक प्राणी.

मी सात वर्षं एकाच कॅटवर काढली आहेत. तोच आपला टॅरोचा रायडर-वेट-स्मिथ, १९०९ चा, पामेला कोलमन स्मिथने काढलेला. (डेक म्हणा की कॅट म्हणा, आमच्याकडे रमीचा असो वा टॅरोचा, कॅटच.) त्यामुळे उत्साहाने पत्ते पिसले आणि पहिलाच ओढला तो स्कंक, घाण वास सोडणारा तो अमेरिकेतला प्राणी. पुस्तकात अर्थ: लौकिक. सोसायटीची निवडणूक हरून मला चोवीस तासही झाले नव्हते. नवरा बाजूलाच चहा पीत होता, त्याला ठसका लागला.

पण गंमत ओसरल्यावर लक्षात आलं की मी स्कंक कधी पाहिलाच नाहीये. मग सगळे ४४ जाजमावर मांडले आणि प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेले प्राणी बाजूला काढले. एकोणीस भरले. मुंगी, बेडूक, खार, वटवाघूळ, कुत्रा, चतुर, कोळी वगैरे. उरलेल्यांत मूस, लिंक्स, बीव्हर, आर्माडिलो, ओपोसम. मोर नाही, हत्ती नाही, वाघ नाही, माकड नाही, गाय नाही. बफेलो आहे, पण ती आपली म्हैस नव्हे, तिकडचा बायसन.

आणि जे ओळखीचे निघाले त्यांनीच जास्त घोळ घातला. घुबडाचा अर्थ फसवणूक. कावळ्याचा अर्थ कायदा. कावळा आणि कायदा? ज्याची आपण दहाव्याला घाटावर तासतासभर वाट पाहतो तो? आधी हसले. मग आजीच्या दहाव्याचं आठवलं. पिंड ठेवलं, कावळे समोरच्या भिंतीवर बसून, एक खाली येईना. शेवटी काका पुढे होऊन म्हणाले, "आई, धाकटीचं लग्न आम्ही करू." आणि शिवला. कायदा नाही तर काय मग? पण तो त्या पुस्तकातला कायदा नक्कीच नव्हे.

तर प्रश्न असा की, प्राण्यांचे असे पत्ते कोण कोण वापरतं? कोणते? आणि अर्थ पुस्तकातला घेता की आपल्या घरातला?

सांजवात

वाचनखूण साठवली. माझ्याकडे 'मिस्टिकल कॅट्स टॅरो' आहे. मांजरांचा कॅट. (हा विनोद मी गेली पाच वर्षं करतेय, हसायची सक्ती नाही.) पूर्ण ७८ पत्ते, म्हणजे २२ मेजर (मोठे, एकेका नावाचे) आणि ५६ मायनर (चार रंगांचे: कप्स, वाँड्स, पेंटॅकल्स वगैरे), पण सगळीकडे मांजरंच. कप्सच्या जागी समुद्रातली मांजरं, वाँड्सच्या जागी आगीतली. तुझ्या स्मिथबाईंनीही एक काळी मांजर बसवली आहेच की, क्वीन ऑफ वाँड्सच्या पायाशी, सरळ आपल्याकडे बघत. मला ती राणी त्या मांजरीमुळेच आवडते.

एक व्यावहारिक टीप: पावसाळ्यात पत्ते एकमेकांना चिकटतात. आम्ही ठाण्यात खाडीजवळ राहतो, जुलैत अख्खा गठ्ठा बर्फीसारखा होतो. कॅरमची पावडर चिमूटभर घेऊन मऊ फडक्याने पुसायचे. जास्त टाकू नका, नाहीतर पिसताना हातातून सुटून पलंगाखाली जातात आणि खरी मांजर त्यांच्यावर बसते.

खडूस_काका

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आमच्या एसटी स्टँडबाहेर पोपटवाला बसायचा. पिंजऱ्याचं दार उघडलं की पोपट तुरुतुरु बाहेर यायचा, चोचीने एक पाकीट ओढायचा, एक दाणा खायचा आणि परत आत. चार आण्यांत भविष्य. इथे फक्त पोपट पत्त्याच्या आत गेलाय आणि दाणा विकणाऱ्याला मिळतोय. दिवे घ्या, म्हणजे लाइट घ्या.

ओसरी

काका, दिवे घेतले, उजेडही पडला. पण मी भविष्य बघतच नाही. सकाळी एक पत्ता काढते आणि दिवसभर तो डोक्यात ठेवते. कुणी रोज एक ओवी वाचतं, तसं समजा. उद्या बॉस ओरडेल की नाही हे स्कंकला कसं कळणार?

सांजवात, पावडरची कल्पना झकास. आजच करते.

पाणकावळा

काकांचा पोपटवाला आता सहसा दिसत नाही त्याला कारण आहे. आपले सगळे देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, पिंजऱ्यात ठेवणंच गुन्हा. घुबडांचंही तेच. तरी दिवाळीच्या तोंडावर तंत्रमंत्रासाठी घुबडं पकडली जातात. तेव्हा फसवणूक कोण कोणाची करतंय ते बघा.

आता पक्षीवाल्याची कुरकूर. या संचांत क्रो आणि रेव्हन असे दोन वेगळे पत्ते असतात. मेडिसिन कार्ड्समध्ये क्रो म्हणजे कायदा आणि रेव्हन म्हणजे जादू. मराठीत सांगताना लोक रेव्हनला बिनधास्त डोमकावळा करतात. डोमकावळा वेगळा, तो आपल्या गावाबाहेरचा जाड चोचीचा पूर्ण काळा कावळा. रेव्हन त्याच्याहून बराच मोठा, आणि आपल्या महाराष्ट्रात तो नसतोच म्हणा ना. म्हणजे तुमची जादू इथे उपलब्ध नाही, कायदा मात्र प्रत्येक तारेवर बसलाय.

ओसरीताई, तुमच्या जुन्याच कॅटमध्ये प्राणी कमी आहेत का? नाइन ऑफ पेंटॅकल्स काढा. बाईच्या हातावर डोळे झाकलेला ससाणा आहे, तो सगळ्यांना दिसतो. आता खाली, अगदी कडेला बघा.

ओसरी

अगं बाई! गोगलगाय!! सात वर्षं!

चष्मा लावून बसले आणि मग बाकीचेही काढले. पेज ऑफ कप्सच्या प्याल्यातून मासा डोकावतोय. क्वीन ऑफ पेंटॅकल्सच्या पायाशी ससा. मूनमध्ये कुत्रा आणि लांडगा माहीत होते, डबक्यातून वर येणारा शेवंड्यासारखा प्राणी दर वेळी नजरेतून सुटायचा. स्टारच्या मागे झाडावर पक्षी. आता झोप नाही.

नेकारवासी

श्टुटगार्टहून नमस्कार. विषय बघून राहवलं नाही.

इथे आल्टेस श्लॉस नावाच्या जुन्या किल्ल्यात राज्याचं संग्रहालय आहे. तिथे १४३० च्या सुमाराचा पत्त्यांचा संच आहे. बदाम-चौकट काही नाही, रंग चार: बदकं, ससाणे, हरणं आणि शिकारी कुत्रे. पार्श्वभूमी सोनेरी. मी काचेला नाक लावून उभा होतो, पहारेकऱ्याने खाकरून मागे केलं. बायकोने एक गोष्ट पकडली. बदकं आणि हरणांच्या रंगात चित्रातली माणसं सगळ्या बायका, कुत्रे आणि ससाण्यांच्या रंगात सगळे पुरुष. म्हणजे शिकार होणारे बायकांकडे, शिकार करणारे पुरुषांकडे. त्यावर आम्ही ट्रामस्टॉपपर्यंत भांडलो.

सांगायचं कारण असं की, प्राण्यांचे पत्ते ही नव्या जमान्याची टूम आहे असं वाटतं, तसं नाही. टॅरो मुळात पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला डाव. इजिप्तची गूढविद्या वगैरे त्याला चिकटली ती १७८१ मध्ये, कूर द जेबलॅं नावाच्या फ्रेंच गृहस्थाने लिहिल्यावर. त्याच्याही आधी जर्मनीत पत्ते छापणाऱ्यांनी टॅरोच्या हुकुमांवर प्राणी छापायला सुरुवात केली होती. त्याला टियर-टारोक म्हणतात, टियर म्हणजे प्राणी. भविष्यासाठी नाही हो, निव्वळ खेळायला.

त्यातला एक प्रकार अजून जिवंत आहे. इथून खाली ब्लॅक फॉरेस्टमध्ये त्सेगो नावाचा डाव खेळतात, ५४ पत्त्यांचा. त्याच्या एका संचाला आडलर-त्सेगो म्हणतात, आडलर म्हणजे गरुड. माझ्या सासुरवाडीच्या गावात (होय, जर्मन सासुरवाडी) म्हातारे बिअर घेऊन तो कुटतात. मी एकदा त्यांना विचारलं, या हुकुमावरच्या प्राण्याचा अर्थ काय? सासरेबुवांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अर्थ? तुझी उतारी आहे, पत्ता टाक."

खडूस_काका

या सासऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार कळवा.

कुडाळची_सून

नेकारवासींनी माझ्या तोंडचा विषय काढला. आमच्या सावंतवाडीचो गंजिफो कोणी इसरलात की काय?

दशावतारी गंजिफा, गोल पत्ते, १२० नग. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे मोजायचे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं. वराह आहे, नरसिंह आहे. प्राण्यांचा कॅट म्हणून याहून जवळचं काय हवं? लाखेचा लेप असतो, हातात घेतला की थंडगार आणि गुळगुळीत लागतो. राजवाड्यात चित्रकार बसून अजून हाताने रंगवतात. राजमाता सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी मनावर घेतलं नसतं तर ती कला गेलीच होती.

माझ्या आजेसासऱ्यांना खेळता यायचं. दिवसा खेळलं तर रामाची उतारी, रात्री खेळलं तर कृष्णाची. आणि अर्ध्या रंगांत राजा-प्रधानांखाली दश्शी मोठी, उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. हे लक्षात ठेवता ठेवता माझा घाम निघाला. तुमच्या टॅरोत पत्ता उलटा आला की अर्थ बदलतो, ते त्यापुढे सोपं.

आता कोणी खेळत नाही. पाहुण्यांना भेट द्यायला, नाहीतर फ्रेम करून भिंतीवर. आमचाही फ्रेममध्येच आहे, खोटं कशाला बोलू.

पाणकावळा

भर घालतो. ऐन-इ-अकबरीत अबुल फजलने बारा रंगांचा गंजिफा वर्णिला आहे, १४४ पत्ते. त्यात अश्वपती, गजपती हे तर आहेतच, पण वनपती आणि अहिपतीही आहेत. जनावरांचा राजा आणि सापांचा राजा. चारशेहून जास्त वर्षं झाली.

नवखी

माफ करा, मध्येच विचारते. मला टॅरो आणि ओरॅकल यातला फरकच अजून कळला नाहीये. आणि पहिला संच कोणता घ्यावा? ऑनलाइन एक प्राण्यांचा साडेतीनशेला दिसतोय.

सांजवात

नवखी, घेऊ नकोस!! साडेतीनशेवाला मी घेऊन बसले आहे. पत्ते खऱ्याच्या दोन तृतीयांश आकाराचे, रंग विटके, पुस्तक नाहीच, त्याऐवजी एक क्यूआर कोड, तो दाबला की भलतीच साइट. उघडल्यावर आठवडाभर रॉकेलसारखा वास. चित्रकाराला एक पैसा गेला नसणार, याचंच जास्त वाईट वाटलं. परत घेतो म्हणाले आणि अजून घेतायत.

फरक सोपा आहे. टॅरोचा सांगाडा ठरलेला, ७८ पत्ते. मांजरं काढा, कावळे काढा, सांगाडा तोच. ओरॅकलला सांगाडा नाही, करणाऱ्याची मर्जी. ओसरीचा ४४ चा. 'ड्रुइड अ‍ॅनिमल ओरॅकल' ३३ चा, त्यात ब्रिटिश बेटांचे प्राणी आणि वर चार ड्रॅगन. किम क्रान्सच्या 'वाइल्ड अननोन'चे तर वेगवेगळे संच आहेत, त्यांत एक टॅरो आणि एक अ‍ॅनिमल स्पिरिट, ६३ पत्त्यांचा. लोक नाव बघून मागवतात आणि चुकीचा येतो. काळ्या शाईच्या बारीक रेघा, मध्येच एखादा रंग. माझ्या मते हल्लीच्यांत चित्र म्हणून सर्वांत देखणा तोच, पण सापाचं चित्र रात्री एकटीने बघू नये.

शिकायचंच असेल तर लेनोर्मां घे. ३६ पत्ते, त्यात साप, पक्षी, कोल्हा, अस्वल, करकोचा, कुत्रा, उंदीर, मासे. एकेका पत्त्याला सरळ अर्थ, आणि वाचायचे जोडीने. उंदीर म्हणजे काहीतरी कुरतडलं जातंय, मासे म्हणजे पैसा. उंदराशेजारी मासे आले की पासबुक काढायचं.

डेन्व्हरकर

ओसरीताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मी त्या पत्त्यांच्या गावात राहतो.

मेडिसिन कार्ड्स इथे पुस्तकांच्या दुकानात सर्रास मिळतात आणि ज्यांच्या परंपरेच्या नावाने ते विकतात ते इथले आदिवासी, नेटिव्ह अमेरिकन, त्यावर फारसे खूश नाहीत. लाकोटा, चेरोकी, चॉक्टॉ, हे सगळे वेगळे लोक, वेगळ्या भाषा, वेगळ्या कथा. त्यांच्या एकत्र भाजीवर 'नेटिव्ह शहाणपण' असं लेबल लावून विकायचं, ही त्यांची तक्रार. १९९३ मध्ये लाकोटांनी अशा बाजाराविरुद्ध चक्क युद्धाची घोषणा या नावाने जाहीरनामा काढला होता.

त्या पत्त्यावरची पिसं बघा. खरं गरुडाचं पीस रस्त्यात सापडलं तरी मी उचलून घरी नेऊ शकत नाही, गुन्हा आहे. मेलेले गरुड इथेच डेन्व्हरजवळ सरकारी भांडारात येतात आणि तिथून पिसं नोंदणीकृत जमातींच्या लोकांनाच, धार्मिक कामासाठी, अर्ज केल्यावर मिळतात. वर्षानुवर्षं थांबतात लोक. आणि पत्त्यावरचं पीस दोन डॉलरला.

टोटेम हा शब्दही त्यांचाच, ओजिब्वे भाषेतला. त्याचा अर्थ 'माझा आवडता प्राणी' असा नाही, तर कुळ. आपल्याकडे देवक असतं तसं. आमचं देवक मोरपीस. लग्नात मांडवात पूजलं होतं. ते काय मी क्विझ सोडवून निवडलं नव्हतं. उद्या कोणी 'तुमचं मराठा देवक ओळखा, ४४ पत्ते आणि पुस्तिका' असं विकायला काढलं तर आमच्या आत्याबाई विमान पकडून येतील.

ओसरी

डेन्व्हरकर, हे वाचून जरा वेळ गप्प बसले. पत्ते टाकून देणार नाही, भाचीने प्रेमाने आणलेत. पण ते 'तुमचे नऊ प्राणी ओळखा' प्रकरण होतं ना पुस्तकात, ते मिटलं. चित्रं बघेन.

मग मनात आलं, आपल्याच अंगणातले प्राणी घेऊन कॅट करायला काय हरकत आहे? विकायला नाही, घरी, पुठ्ठ्यावर. कालपासून वहीत लिहितेय. भारद्वाज, कारण सकाळी दिसला की आई नमस्कार करायची आणि त्या दिवशी हमखास काहीतरी गोड करायची, मग शकुन खरा ठरणारच. पाल, बोलणं चालू असताना चुकचुकली की "सत्य आहे" म्हणत जमिनीवर बोट वाजवायचं. मुंगूस. नंदीबैल, जो काहीही विचारलं तरी मान हलवतो, तो मी ऑफिसातल्या एका विशिष्ट गृहस्थांसाठी राखून ठेवलाय. आणि घुबडाऐवजी पिंगळा. लहानपणी सोलापूरला पहाटे अंधारात पिंगळा जोशी यायचा, पागोटं, हातात कंदील आणि कुडमुडं. त्याला पिंगळ्या पक्ष्याची भाषा कळते म्हणे. आम्ही गोधडीतून डोकं बाहेर काढायचो नाही आणि एक शब्दही चुकवायचो नाही.

पाणकावळा

भारद्वाज घ्या, पण तो दुसऱ्या पक्ष्यांची पिल्लं आणि अंडी खातो हे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहा. शुभ कुणासाठी तेही कळू दे. पिंगळा उत्तम निवड. जोडीने बसतात, दिवसाही दिसतात, आणि तुमच्याकडे बघून मान खाली-वर करतात. चित्र काढताना पांढऱ्या भुवया विसरू नका.

कुडाळची_सून

गोल कर गो! चौकोनी नको. आणि म्हशीक जागा ठेव.

सांजवात

म्हशीचा अर्थ काय ठेवायचा?

कुडाळची_सून

अर्थ कसलो? ती बसता. तू पण बस.

नवखी

मी लेनोर्मां मागवला! आणि आज पिसताना एक पत्ता खाली पडला, कोल्हा. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

सांजवात

की तुझे हात अजून लहान पडतायत. उचल आणि परत पीस.

खडूस_काका

तीन दिवस गंमत बघतोय, आता एक लिहितो. यादीत टिटवी नाही.

आमच्याकडे, बीड जिल्ह्यात, वळवाच्या आधी माझे वडील बांधाबांधाने टिटवीची अंडी शोधत फिरायचे. अंडी उंचावर घातली तर पाऊस दांडगा, नाल्याच्या पात्रात घातली तर पाऊस बेताचा, असा हिशेब. मला सोबत न्यायचे. टिटवी डोक्यावरून ओरडत झेपा घ्यायची, वडील टोपी हाताने दाबून धरायचे आणि खाली बघत चालायचे. चार अंडी, मातीच्याच रंगाची, टोकं आत करून ठेवलेली. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

बहात्तरला त्यांना अंडी चांगली उंचावर, विहिरीच्या ढिगाऱ्यावर सापडली होती. खुशीत त्यांनी उसनवारी करून बियाणं आणलं. त्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही तिघे भाऊ दुष्काळी कामाच्या खडीवर होतो.

पुढच्या वर्षी ते परत अंडी बघायला गेले. मी विचारलं, "आता कशाला?" तर म्हणाले, "बघायला काय जातंय."

पत्ता कराल तर अंडी चारच काढा. आणि टिटवी सुलटी आली काय, उलटी आली काय, अर्थ एकच ठेवा.

ओसरी

काका, पहिला पत्ता टिटवीचाच करते. अंड्यांवर ठिपके कोणत्या रंगाचे असतात?

खडूस_काका

काळपट. मातीत पडलेल्या राखेसारखे.